एका वायरीवरची बिऱ्हाडं

४ मार्च

प्रिय ठमे,

पाकीट बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही. सगळे जिवंत आहेत, आणि नको इतके ठणठणीत आहेत. आत्याला आज कागद-पेन कुठून सुचलं म्हणशील, तर हे फोनवर लिहिलं असतं तर आधी तुझ्या कंपनीतलं कुणीतरी वाचणार आणि मग तू. मला तू आधी वाचायला हवी आहेस.

हल्ली माझ्या फोनवर काय काय येतं ते ऐक. एका गिऱ्हाइकाला कोटाच्या बाहीचा नमुना दाखवावा म्हणून फोन उघडला, तर वर एक टकला माणूस हसतोय, ‘गेलेले केस परत आणा.’ माझे केस तुला माहीत आहेत, अजून कंगवे मोडतात. बाही शोधत खाली गेले तर बाळाची ढकलगाडी. तिच्या खाली मासे पकडायचा गळ. गळाच्या खाली कवळी, हप्त्यांवर. गिऱ्हाईक माझ्याकडे बघतंय, मी त्याच्याकडे. हे सगळं ज्या एका माणसाला लागतं, त्याला मला एकदा भेटायचं आहे बाई. टकला, बोळका, पोटुशी, आणि वर सुट्टीला मासे मारतो!

मग डोक्यात उजेड पडला. आमच्या इमारतीत इंटरनेटची वायर एकच, आणि ती माझ्या नावावर. दुकान तळाला म्हणून ती आधी माझ्याकडे आली. मग तिसऱ्या मजल्यावरचे हेडमास्तर म्हणाले, चार बिऱ्हाडांना चार वायरी कशाला? (ते नोकरीतून निवृत्त झालेत, सवयीतून नाही.) झालं, जिन्यातून वायर वर गेली. पहिल्या मजल्यावर नवं जोडपं आणि मुलाची आई, दुसऱ्यावर घड्याळवाले, तिसऱ्यावर हेडमास्तर. कुणीही काहीही बघितलं तरी तुमच्या कंपनीला वाटतं शिंपीणबाईच बघताहेत. आणि शिंपीणबाईंसाठी आलेली जाहिरात सगळ्यांच्या फोनवर नाचते.

तेव्हा सरळ सांग, तुमची कंपनी आमच्या घरात डोकावते का? वायर घालायला माणूस आला होता तेव्हा मी त्याला चहा दिला. तो कायमचा राहायला आलाय हे तो बोलला नव्हता.

मी रीतसर तक्रारही नोंदवली आहे. उत्तर आलं, ‘आपली तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे.’ हे मोल कुणाकडून वसूल करतात तेवढं विचारून ठेव.

तुझी आत्या


१० मार्च

ती. आत्या,

नमस्कार. तुझं पाकीट आमच्या घरमालकीणबाईंनी उजेडाला धरून बघितलं आणि मग मला दिलं. तेव्हा कागद फार सोवळा आहे असं समजू नकोस.

आता तुझ्या प्रश्नाचं. आमच्याकडे ‘डोकावणं’ हा शब्द चालत नाही. ‘पाळत’ तर नाहीच नाही. ‘आपुलकी’ म्हणतात. योजनेचं नावच ‘आपुलकी’ आहे, आणि माझा विभाग ‘ग्राहक-आपुलकी विभाग’. ग्राहक काय बघतो हे कुणी माणूस वाचत नाही गं. यंत्र वाचतं. ते वाचून त्याला तुझी आवड कळते, आणि तुला हवी ती वस्तू तुला हवी आहे हे तुला कळायच्या आत तुझ्यासमोर येते. यात वाईट काय?

शिवाय परवानगी तू स्वतःच दिली आहेस. करारात शेवटी शेवटी एक चौकट आहे, तिच्यात बरोबरची खूण आहे. ती आम्हीच आधी करून ठेवतो, ग्राहकाला त्रास नको म्हणून. त्या चौकटीपुढचं वाक्य मी लिहिलेलं आहे. ‘मला आपलं मानण्यास माझी हरकत नाही.’ साहेबांना फार आवडलं होतं.

साहेबांवरून आठवलं. एप्रिलमध्ये मला नोकरीत कायम करायचं की नाही हे ठरणार आहे. आमचे साहेब गोड माणूस आहेत, सगळे त्यांना साखरसाहेब म्हणतात. कुणाला कामावरून काढायचं असलं तरी आधी तब्येतीची चौकशी करतात. माझ्या सख्ख्या आत्याचीच तक्रार आहे हे त्यांना कळलं, तर माझ्या तब्येतीची चौकशी व्हायची. तेवढी तक्रार मागे घेशील? माझ्यासाठी?

बाकी तू मजेत राहा. माणसानं कुठल्याही वयात मजेत राहावं.

तुझी ठमी


१८ मार्च

प्रिय ठमे,

तक्रार मागे घ्यायला मी निघालेच होते. तेवढ्यात वर भांडण पेटलं.

पहिल्या मजल्यावरच्या म्हातारीच्या फोनवर ढकलगाडी आली. एकदा आली, दोनदा आली, मग पाळणा आला, मग ‘पहिल्या तीन महिन्यांत काय खावं’ आलं. म्हातारीनं इमारतीतल्या बायका मोजल्या. मी बाद, ती स्वतः बाद, उरली सून. सुनेनं अजून नवऱ्यालाही धड सांगितलं नव्हतं. तिला आधी डॉक्टरकडे जाऊन नक्की करायचं होतं. सासू म्हणते, ‘जगाला सांगितलंस आणि मला फोनवरून कळावं?’ सून म्हणते, ‘मी कुणालाच सांगितलं नाही!’ दोघी खऱ्या, आणि दोघी रडून रडून बेजार. मी शिवण टाकून वर गेले, दोघींना पाणी दिलं आणि ठरवलं, तक्रार मागे घेत नाही. तुला राग येईल. येऊ दे.

माझ्या दुकानात सभा झाली. हेडमास्तर अध्यक्ष, कारण त्यांना खुर्ची दिली नाही तर ते उभ्यानं अध्यक्ष होतात. आता नुसती आमची इमारत नाही, अख्खी गल्ली आली आहे. सगळ्यांकडे तुमचीच वायर. केशकर्तनवाला म्हणाला, त्याला दिवसभर कर्जाच्या जाहिराती येतात, आणि गिऱ्हाइकं आता त्याच्याकडे दयेनं बघतात. फलक मी शिवले, पडद्याच्या उरलेल्या कापडाचे. ‘आमचं बघणं आमच्यापाशी’ हा चांगला आला. ‘वायर दिली, ओसरी दिली नाही’ हा हेडमास्तरांचा, तो अर्ध्या लोकांना समजावून सांगावा लागतो.

शिवाय त्यांनी एक गनिमी कावा काढला आहे. सगळ्यांनी रोज वेळ काढून फक्त उंट शोधायचे. उंटाचं खोगीर, उंटाचा खोकला, उंट भाड्यानं. म्हणजे तुमचं यंत्र वेडं होईल. अख्खी गल्ली उंट शोधते आहे. एकटे घड्याळवाले म्हणाले, ‘मला नाही जमायचं, मी एका वेळी एकच गोष्ट शोधतो.’ ते तसेच आहेत. मागे एकदा माझ्या मशीनचा पट्टा सैल झाला तर न बोलावता खाली येऊन बसवून गेले. एकदम सरळ माणूस. असो, त्यांचं काही नाही, सहज लिहिलं.

आणि हो, लग्नाच्या हॉलच्या जाहिराती येतात, त्या सुनेच्या बहिणीच्या असतील. मला काय माहीत!

तुझी आत्या


२५ मार्च

ती. आत्या,

तुमच्या गनिमी काव्याचं काय झालं ते ऐक. साखरसाहेबांनी विभागाची बैठक घेतली आणि भिंतीवर एक आलेख लावला. एक रेघ सरळ वर गेलेली. म्हणाले, ‘मंडळी, एक नवी बाजारपेठ जागी होते आहे.’ ती रेघ म्हणजे तुमचे उंट. खोगीर विकणाऱ्या कुणाशी तरी करारही झाला. आता तुमच्या गल्लीला वर्षभर खोगिरं दिसत राहतील. हेडमास्तरांना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, थांबा आता.

तुमच्या फलकांचंही उत्तर तयार झालं आहे. ‘ज्याच्या मनात काही नाही, त्याला कसली भीती?’ हे मोठ्या अक्षरांत चौकाचौकात लागणार आहे. ते मी लिहिलं आहे. लिहिताना सुनेचं रडणं आठवलं, खोटं कशाला बोलू. पण लिहिलं. सरकारी मंडळानं एप्रिलमध्ये जनसुनावणी ठेवली आहे, आणि तिथे कंपनीतर्फे बोलायला माझं नाव दिलंय. साहेब म्हणाले, ‘तू बोलताना लोकांना घरच्यासारखं वाटतं.’ म्हणजे कायम होणं आता जवळजवळ नक्की.

आत्या, तुझ्यासाठी मात्र मनापासून सांगते. तू कसली धास्ती घेऊ नकोस. लोक चार दिवस बोलतील आणि गप्प बसतील. दुकानाचं म्हणशील तर मी आमच्या कायदा विभागात विचारून घेतलं. लग्नानंतरही दुकान बाईच्या स्वतःच्याच नावावर राहतं, नवऱ्याचा त्यावर काही हक्क लागत नाही. तेव्हा तो विचार डोक्यातून काढ आणि खुशाल राहा.

तुझी ठमी


२ एप्रिल

ठमे,

पत्र वाचून मी कात्री खाली ठेवली.

दुकानाचं मी तुला कधी विचारलं? तुझ्या बापाला विचारलं नाही. शेजारणीला नाही. ज्यांना विचारायला हवं त्यांनाही नाही. दार लावून, चष्मा लावून, एका बोटानं फोनमधल्या शोधायच्या चौकटीत लिहिलं, ‘लग्नानंतर बाईचं दुकान कुणाच्या नावावर राहतं’. वाचलं आणि पुसून टाकलं. आणि तू मला उत्तर पाठवतेस! कुणी माणूस वाचत नाही म्हणे. मग तू कोण, खोगीर?

आता तुला माहीतच आहे, तर निदान माझ्या तोंडून ऐक. घड्याळवाल्यांनी त्या दिवशी पट्टा बसवला, हात पुसले आणि कुणी वेळ विचारल्यावर सांगावी तशा आवाजात म्हणाले, ‘आपण एकत्र राहायचं का? म्हणजे रीतसर, लग्न करून.’ त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मी साठीला टेकले. जन्मभर लग्न केलं नाही आणि त्यावर सगळ्यांना चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकवत आले. मी म्हटलं, विचार करायला वेळ द्या. ते म्हणाले, ‘वेळ काय, दुकानभर आहे.’

मग मी विचार करत होते. आम्ही कपडा पक्का शिवायच्या आधी कच्चा टाका घालतो ना, तसा. अंगावर चढवून बघायचं, नाही बसलं तर दोरा ओढून काढायचा, कापडाला कळतसुद्धा नाही. मी कधी हो म्हणून बघत होते, कधी नाही म्हणून. कधी लग्नाचे हॉल बघायचे आणि स्वतःशीच हसायचं. माणसाला एवढीही सोय नको का गं? माझं मला ठरायच्या आत तुम्ही ते गल्लीभर विकलंत.

आणि पुढचं ऐक. काल घड्याळवाले दुकानात आले. गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून हळू आवाजात म्हणाले, ‘तुमचं उत्तर कळलं. मनाला लावून घेऊ नका. महिनाअखेर मी मुलीकडे राहायला जातोय.’ कोणतं उत्तर, असं मी विचारेपर्यंत ते जिना चढून गेले होते. ठमे, मी उत्तर दिलेलंच नाही! आणि ते गेल्यावर मला कळलं की ते जायला नको आहेत मला. चांगलं रडू आलं. गिऱ्हाइकाला म्हटलं, डोळ्यात दोऱ्याचं काहीतरी गेलं.

हे सगळं मी तुला स्वतः सांगितलं आहे. फरक कळतो का बघ.

आत्या


७ एप्रिल

ती. आत्या,

मला मारलंस तरी चालेल, पण आधी ऐक.

मी खोटं बोलले. यंत्र वाचतं हे खरं आहे, पण तक्रार आली की तक्रारदाराची ‘आवडनिवड’ आमच्या पडद्यावर उघडते, म्हणजे त्याच्याशी आपुलकीनं बोलता यावं. तुझी तक्रार नेमकी माझ्या टेबलावर आली आणि तुझी फाईल उघडली. मी बंद करू शकत होते. केली नाही. टक्कल, गळ, कवळी वाचून हसत होते, आणि मध्येच तो दुकानाचा प्रश्न आला. हे कुणाचं आहे ते मला लगेच कळलं, कारण दुकान तुझंच आहे. मला इतका आनंद झाला की आपण चोरून वाचतोय हे विसरूनच गेले. मग रोज बघायला लागले. लाज वाटते सांगायला.

तुझं पत्र आल्यावर शेवटचं म्हणून एकदा उघडली. घड्याळवाल्यांना उत्तर कुणी दिलं ते सापडलं. आमच्या कंपनीनंच. मागच्या आठवड्यात तुमच्या वायरीवर ‘एकटीनं करा सहल’, ‘ठामपणे नाही म्हणायला शिका’ आणि ‘संसाराविना सुखी’ अशा जाहिराती धो धो येत होत्या. वायर तुझ्या नावावर, म्हणून त्यांना वाटलं या तुझ्या मनातून आल्या. तुझ्या नव्हत्या गं! कुणीतरी तुमच्याच वायरीवरून विचारलं होतं, ‘बाई उत्तर द्यायला वेळ लावते त्याचा अर्थ काय’ आणि ‘नकार आला तर तो कसा सोसावा’. इमारतीत हे विचारणारं दुसरं कोण आहे सांग? त्यांनीच काळजीनं विचारलं, यंत्रानं नकाराचा माल काढला आणि त्यांच्याच पुढ्यात मांडला. त्यांना ते तुझं उत्तर वाटलं.

म्हणजे त्यांचं तुझ्यावर मन आहे आत्या, पुराव्यासकट सांगते! आता लगेच वर जा आणि त्यांना हे सांग.

अठरा तारखेला सुनावणी आहे. मला एक कागद दिला आहे वाचायला. त्यात पहिलंच वाक्य आहे, ‘ग्राहकाची माहिती कुणीही माणूस बघत नाही.’

तुझी ठमी


१२ एप्रिल

प्रिय ठमे,

तुझी आत्या आहे, म्हणून मारत नाही. पण तू काय केलंस ते तुला अजून कळलेलं दिसत नाही.

माझं वाचलंस, त्याचा राग आला. आता त्यांचंही वाचून मला सांगितलंस, आणि तेही बक्षीस दिल्यासारखं! एक भला माणूस आपल्या खोलीत बसून एका यंत्राला विचारतो की नकार सोसावा कसा. ते मला दिसायला नको होतं. वाचलं नाही असं समजावं म्हटलं, पण वाचलेलं न वाचलेलं कसं करतात? काल ते जिन्यात भेटले, कोरडं हसले, आणि मला वर बघवेना. त्यांना वाटलं असणार, बाईचा नकार पक्का आहे. आता वर जाऊन काय सांगू? ‘तुमचं मन मला कळलं, माझ्या भाचीनं फाईलमध्ये बघितलं’? चोरीचा माल घेऊन मी त्यांच्या दारात जायचं? मला जमत नाही. आणि तिकडे ते सामान बांधताहेत. वरून पेट्या सरकवल्याचा आवाज येतो तेव्हा माझी सरळ शिवण वाकडी जाते.

सुनावणीचं तू मला विचारलं नाहीस, पण तो कागद तू उगाच मला सांगितला नाहीस. माझ्यासाठी नोकरी सोड असं मी म्हणणार नाही. तुझं पोट तुझं आहे. खोटं वाचलंस तरी तू माझीच राहशील, फक्त पुढे मी तुला हवापाण्याचं लिहीन. खरं बोलायचं ठरवलंस तर माझं नाव घे. माझा प्रश्न जसाच्या तसा सांग. साठीच्या शिंपीणबाई लग्नाचा विचार करत होत्या म्हणून लोक हसले तर हसू देत, हसून हसून किती हसतील? पण त्यांच्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. माझं मी देते आहे. त्यांचं द्यायला ते माझं नाही.

मी येणार नाही. शाळांचे गणवेश अंगावर आहेत. हेडमास्तर गल्लीतल्या सगळ्यांना घेऊन येत आहेत.

आत्या


१९ एप्रिल

ती. आत्या,

हेडमास्तरांनी तुला सगळं सांगितलंच असेल, आणि त्यात ते स्वतः मध्यभागी असतील. तरी माझ्याकडून ऐक.

सभागृह भरलेलं. तुझे फलक लांबूनही वाचता येत होते. आधी साखरसाहेब बोलले. ‘आम्ही ग्राहकाला ओळखत नाही, फक्त त्याची काळजी घेतो.’ एका बाईनं विचारलं, ‘मग मला रोज मूळव्याधीची मलमं का?’ तर म्हणाले, ‘बघा, काळजी!’ हशा झाला. मंडळाच्या अध्यक्षबाई मात्र हसल्या नाहीत.

मग मला बोलावलं. कागद हातात होता. पहिलं वाक्य वाचायला तोंड उघडलं, आणि ते बाहेरच येईना. मी म्हटलं, ‘माणूस बघतो. मी बघितलं. माझ्या आत्याची फाईल मी रोज उघडून वाचत होते.’ पुरावा काय, असं अध्यक्षबाईंनी विचारलं. मी तुझं नाव सांगितलं, प्रश्न सांगितला. लग्नानंतर दुकान कुणाच्या नावावर राहतं. ‘हा प्रश्न तिनं जगात कुणालाही विचारला नव्हता, आणि मी तिला पत्रानं उत्तर पाठवलं,’ असं म्हटलं. मग सांगितलं की ती अजून ठरवतच होती, हो की नाही ते तिचं तिलाच माहीत नव्हतं, आणि आम्ही तिच्या वतीनं जाहिराती वाटत होतो.

आता गंमत ऐक. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, ‘मग आत्यांनी काय ठरवलं?’ आणि आत्या, सगळं सभागृह पुढे झुकलं! साखरसाहेब, वार्ताहर, ‘आमचं बघणं आमच्यापाशी’ धरून उभा असलेला केशकर्तनवाला, सगळे. तुझे हेडमास्तर तर कानाला हात लावून उभेच राहिले. मी म्हटलं, ‘ते विचारायचा हक्क इथे कुणालाच नाही.’ अध्यक्षबाई ओशाळल्या आणि म्हणाल्या, ‘नोंद करा.’

त्यांच्याबद्दल मी एक अक्षर बोलले नाही. पण एक भीती वाटते. मागच्या रांगेत एक गृहस्थ होते, अंगात राखाडी कोट, वरच्या खिशातून भिंग डोकावत होतं. मी ‘ती अजून ठरवतच होती’ म्हणाले, आणि ते ताडकन उठून लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर गेले. ते घड्याळवालेच असतील तर त्यांचा मी चारचौघांत अपमान केला. तुझं होतं तेही मी मोडलं बहुतेक. मला माफ कर.

साहेबांनी संध्याकाळी बोलावून तब्येतीची चौकशी केली. मी म्हटलं, ठणठणीत आहे, काढल्याचा कागद द्या. मंडळाचा आदेश आला आहे. चौकटीतली खूण आता आधी करता येणार नाही, ग्राहकानं स्वतः करायची. कंपनीनं त्याच दिवशी योजनेचं नाव बदललं. आता ‘जिव्हाळा’.

तुझी (बेकार) ठमी


२६ एप्रिल

प्रिय ठमे,

तुझं पत्र यायच्या आधीच ते आले होते. सभागृहातून मिळेल ती गाडी पकडून थेट दुकानात. धाप लागलेली, कोटाचं एक बटण तुटलेलं. मी म्हटलं, आधी पाणी प्या. म्हणाले, ‘पाणी राहू द्या. तुम्ही अजून ठरवताय?’ मी म्हटलं, ‘मग! तुम्हाला कुणी सांगितलं ठरलं म्हणून?’ म्हणाले, ‘फोननं.’ मी म्हटलं, ‘फोनला माझ्या वतीनं बोलायला मी ठेवलेलं नाही.’ आणि मग, ठमे, मी त्यांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी काय विचारलं होतं ते मला माहीत आहे, आणि कसं माहीत आहे तेही. ते कानापर्यंत लाल झाले. मी पण झाले असेन. दोघं थोडा वेळ बटणाच्या डब्याकडे बघत बसलो. मग तेच हसायला लागले, आणि त्यांचं बघून मी.

हसून झाल्यावर म्हणाले, ‘मग मी पहिल्यापासून विचारतो. तुम्ही पहिल्यापासून ठरवा. वेळ घ्या.’ मी म्हटलं, वेळ झाला घेऊन. उठून दुकानाचं शटर खाली ओढलं, भर दुपारी, आणि उत्तर दिलं. शटर वर केलं तर समोर हेडमास्तर वर्तमानपत्र उलटं धरून वाचत उभे. त्यांच्यामागे सुनावणीहून परतलेली अख्खी गल्ली, हातातले फलक अजून खाली ठेवले नव्हते. म्हातारीनं तर सरळ विचारलं, ‘हो की नाही?’ मी म्हटलं, ‘काकू, तुमच्या हातातल्या फलकावर काय लिहिलंय ते वाचा.’

गल्ली दोन दिवस रुसली होती. आता बरी आहे. सुनेचं सगळं ठीक आहे, सासू तिला जिना चढू देत नाही. घड्याळवाल्यांनी पेट्या सोडल्या, ते मुलीकडे गेलेले नाहीत. हे रस्त्यावरूनही दिसतं, म्हणून तुला सांगते. बाकी काय ठरलं ते पत्रात लिहीत नाही. तुझ्या घरमालकीणबाई पाकीट उजेडाला धरतात.

तू त्यांचा अपमान केला नाहीस, तेव्हा रडत बसू नकोस. नोकरी गेली ती जाऊ दे, दुसरी मिळेल. गणवेशांना काजं करायला मला माणूस हवंच आहे, तोवर इथे राहा. तुझा राग आला होता, खूप आला होता, आणि आता तो नाही. एवढे दिवस तुला पत्र लिहायला बसले की हात थांबायचा, वाटायचं हिला सगळं आधीच ठाऊक आहे, हिला काय सांगायचं. आज तसं नाही गं. आज तुला सांगण्यासारखं माझ्याकडे काहीतरी आहे आणि तुला ते माहीत नाही. लवकर ये.

तुझी आत्या